नादाचा हिशेब

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गायन शिकलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांची तान प्रवासातही स्वच्छ ऐकू यावी, ही रसिकाची इच्छा रास्तच. मात्र महागडा म्युझिक प्लेअर घेण्यापूर्वी हिशेब मांडावा. सीडीत दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. एमपी-थ्रीत जास्तीत जास्त ३२०. फ्लॅक फाइल सीडीतले काहीच गाळत नाही. प्लेअरची खरी मातब्बरी डीएसीत, म्हणजे अंकांचा नाद करणाऱ्या भागात असते. ब्लूटूथ जोडताच तो भाग बाजूला पडतो. म्हणून आधी वायरचा उत्तम हेडफोन, मग फ्लॅक फाइली. फोनला लावायचा छोटा डीएसी अपुरा वाटला, तरच प्लेअर. जुन्या मुद्रणात जे नाहीच, ते कोणतेही यंत्र देणार नाही. मुद्दलच नसेल, तर व्याज कोठून यावे?