उघड्यावरचा ठेवा

लपंडावात लपलेला गडी सापडला म्हणजे शोधणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काहीच येत नाही. तरी त्या क्षणी तो ज्या उत्साहाने ओरडतो, तो उत्साह एखाद्या सावकाराला वसुलीच्या दिवशीही लाभत नसेल. शोधण्याच्या या जुन्या आनंदाला विज्ञानयुगातील साधनाची जोड मिळाली आणि त्यातून जिओकॅशिंग नावाचा छंद जन्मास आला. कोणी एक जण पाणी न शिरणारा डबा रानात, टेकडीवर किंवा शहरातील एखाद्या उद्यानात लपवून ठेवतो. त्या जागेचे अक्षांश व रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध करतो. आणि इतर लोक ते आकडे घेऊन डबा शोधावयास निघतात. डब्यात एक लहानशी वही असते. ज्याला डबा सापडेल त्याने तीत आपले नाव व तारीख लिहावी, आणि डबा जेथे होता तेथेच, होता तसाच, पुन्हा ठेवून द्यावा, हा या खेळाचा मुख्य नियम होय.

पुरलेले धन सापडले की ते घरी न्यावे, ही जगाची रीत आहे. येथे मात्र सापडलेला ठेवा पुढच्या अनोळखी माणसासाठी मागे ठेवावयाचा असतो. डब्याला कुलूप नाही, राखण नाही. कोणी तो उचलून नेला तर त्याला पकडणारे कोणी नाही. असे असूनही आज जगभर तीस लाखांहून अधिक डबे अशा रीतीने उघड्यावर ठेवलेले आहेत. खेळ म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट खचित नव्हे.

या छंदाची जन्मतिथी निश्चितपणे सांगता येते, हा त्याचा एक विशेष आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे काही उपग्रह सतत फिरत असून ते अखंड संदेश पाठवीत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचावयास किती वेळ लागला, यावरून हातातील यंत्र आपले स्थान गणिताने काढते. तिघांच्या अंतरांवरून जागा ठरते. चौथ्याचा उपयोग यंत्रातील साध्या घड्याळाची चूक सुधारण्याकडे होतो. हीच ती जी.पी.एस. पद्धती. हे उपग्रह मुळात सैन्याच्या कामासाठी सोडलेले असल्यामुळे सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि यंत्राने दाखविलेल्या जागेपासून खरी जागा शंभर मीटर दूरही असू शके. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मिसळलेली चूक काढून टाकल्याचे घोषित केले आणि त्याच मध्यरात्री जगातील सारी यंत्रे सुमारे दसपट अचूक झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या परिसरात, बीव्हरक्रीकजवळ, डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने एक काळी बादली रानात अर्धवट पुरून ठेवली व तिच्या जागेचे आकडे प्रसिद्ध केले. बादलीत पुस्तके, एक गलोल, शिजविलेल्या कडधान्याचा एक बंद डबा, वही आणि पेन्सिल अशा वस्तू होत्या. काही घ्यावे व काही ठेवावे, एवढीच त्याची अट होती. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. ती प्रथम ज्याला सापडली, त्या माइक टीग याने पुढे इतरांनी लपविलेल्या डब्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला आणि त्या महिन्याच्या अखेरीस या खेळाला त्याचे आजचे नाव मिळाले.

त्या पहिल्या जागेचे आकडे असे होते : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. शाळेत भूगोलाच्या तासाला कंटाळा आणणारे हे आकडे पायाखाली आले म्हणजे किती जिवंत होतात, ते पाहण्यासारखे आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहूनही थोडे कमी, अर्थात दोन-तीन पावले. रेखांशाचे मिनिट मात्र सर्वत्र सारखे नसते. ध्रुवाकडे जावे तसतसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात, म्हणून उल्मरच्या रानात ते सुमारे १३०० मीटर भरते, तर मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १७५० मीटर. नवशिक्याची एक चूक तर नेहमीची आहे. १७.४६० मिनिटे हा दशांश अपूर्णांक आहे हे विसरून तो १७ मिनिटे ४६ सेकंद असे वाचतो आणि अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर जाऊन भलतीच झुडपे धुंडाळीत बसतो. ज्याच्यावर एकदा हा प्रसंग आला, त्याला दशांशचिन्हाचे महत्त्व पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही.

यंत्रामुळे मनुष्याची स्वाभाविक दृष्टी मंद होते, असा एक आक्षेप या छंदावर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. हातातील बाणाकडे पाहत सरळ रेषेत निघालेला शोधक मध्येच ओढा, काटेरी कुंपण किंवा कडा आडवा आला म्हणजे थबकतो, आणि डाव्या हाताची रुळलेली पायवाट त्याच जागी सुखाने पोहोचत होती हे त्याला मागाहून कळते. म्हणून अनुभवी लोक प्रथम नकाशा पाहतात, वाट ठरवितात आणि मगच यंत्र हाती घेतात. परंतु आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा यंत्र चार-पाच मीटर चुकू शकते. दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या आड ते याहूनही अधिक चुकते. लपविणाऱ्याच्या यंत्रानेही अशीच चूक केलेली असते. दोघांच्या चुका एकत्र आल्या म्हणजे सुमारे दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ शोधावे लागते, आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ तीनशे चौरस मीटरांहून अधिक भरते. तेथे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह निरुपयोगी ठरतात. उपयोगी पडतात ते डोळे.

या शेवटच्या दहा मीटरांतच जाणता आणि नवखा यांतील भेद कळून येतो. नवखा यंत्रातील आकडा शून्य व्हावा म्हणून त्याच त्या जागी गोल गोल फिरत राहतो. जाणता यंत्र खिशात घालतो, क्षणभर स्वस्थ उभा राहतो आणि आपल्याला येथे काही लपवावयाचे असते तर कोठे लपविले असते, असा विचार करतो. निसर्ग वस्तू नीटनेटक्या रचून ठेवीत नाही. एका बाजूला टेकवून ठेवलेले तीन समांतर दगड, झाडाच्या बुंध्याशी पडलेला वाळक्या काटक्यांचा अकारण ढीग, भिंतीतील एकच सैल वीट, अशा खुणा माणसाच्या हाताची चाहूल देतात. कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे. कारण सापाला व विंचवाला या खेळाचे नियम ठाऊक नसतात. काही तोडू नये, उपटू नये, खणू नये. डबे जमिनीत पुरावयाचे नाहीत असाच नियम असल्यामुळे खणण्याचे प्रयोजनही उरत नाही. आणि जवळपास कोणी उभे असेल, तर ते जाईपर्यंत थांबावे, हा संयम पुष्कळांना सर्वांत कठीण जातो. शोधकाने सर्वांदेखत डबा उघडला, तर त्याच्या पाठीमागे तो टिकेलच, याची शाश्वती राहत नाही.

डबा सापडला नाही, तर काय करावे? या प्रश्नाच्या उत्तरात शोधकाची खरी पारख होते. डबा सापडल्याची नोंद जशी इंटरनेटवर करतात, तशी न सापडल्याचीही करावयाची असते. पहिली नोंद करण्यास सारेच उत्सुक असतात; दुसरी करताना मात्र हात आखडतो. आपले अपयश चारचौघांत मांडण्याचा संकोच वाटतो, आणि पुष्कळ जण काहीच न लिहिता घरी जातात. याचा परिणाम असा होतो, की डबा पुरात वाहून गेलेला असला तरी ते महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही, आणि दूरदूरहून आलेली माणसे रिकाम्या जागी तासन्‌तास खपतात. लागोपाठ तिघाचौघांनी प्रामाणिकपणे आपले अपयश लिहिले, तर लपविणारा स्वतः येऊन पाहतो आणि हरवलेल्या डब्याच्या जागी नवा ठेवतो. येथे यशाच्या दहा नोंदींपेक्षा अपयशाची एक नोंद अधिक लोकांच्या उपयोगी पडते. याच्या उलट, न शोधताच सापडल्याची नोंद करणारेही काही निघतात. त्यांनी नेमके काय मिळविले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

डब्यातील वस्तूंची देवाणघेवाण हा मुलांच्या विशेष आवडीचा भाग. बिल्ला, गोटी, नाणे, लहानसे खेळणे यांपैकी काही घेतले तर तेवढ्याच किंवा त्याहून अधिक मोलाचे काही ठेवावे, असा संकेत आहे. या संकेतावर देखरेख करणारे कोणी नसल्यामुळे डब्यातील माल हळूहळू उतरणीला लागतो आणि अखेरीस मोडकी बटणे तेवढी उरतात, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. खाद्यपदार्थ ठेवण्यास आता मनाई आहे, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडून टाकतात. म्हणजे उल्मरची ती कडधान्याची भेट आज नियमबाह्य ठरली असती. वहीत लिहिण्यासाठी शाईपेक्षा पेन्सिल बरी. शाई ओलीने पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. झाकण लावताना त्याच्या कडेवर मातीचा कण किंवा कागदाची घडी राहिली, तर पहिल्याच पावसात आतील साऱ्या नावांचा लगदा होतो. अनेकांचा ठेवा एकाच्या हलगर्जीपणामुळे नष्ट होतो, तो बहुधा अशाच क्षुल्लक कारणाने.

लपविणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. डबा ही जागा दाखविण्याची एक युक्ती आहे. सहसा कोणी जात नाही अशा एखाद्या झऱ्याकडे, जुन्या पुलाकडे किंवा सूर्यास्त पाहावा अशा एखाद्या कड्याकडे ज्याने दहा माणसांना आणून उभे केले, त्याचा डबा चांगला. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे असा नियम आहे. काही उत्साही मंडळींनी त्याचा अर्थ असा घेतला, की दर १६१ मीटरांवर एक डबा असावा! मग हमरस्त्याच्या कडेने शेकडो डब्यांची रांग लागते. शोधक गाडीतून उतरतो, नाव खरडतो आणि पुन्हा गाडीत बसतो. त्याची संख्या वाढते, पण सायंकाळी त्याला विचारले की दिवसभरात काय पाहिले, तर त्याला एकही झाड आठवत नाही. ही मोजदाद छंदाला शोभत नाही.

जागेच्या मालकाची परवानगी घेणे आणि डब्यावर तो कशाचा आहे हे स्पष्ट लिहिणे, या गोष्टी कोणाला कटकटीच्या वाटतील. परंतु इंग्लंडमधील वेदरबी या गावी २०११ मध्ये असाच एक डबा पाहून लोकांना बाँबचा संशय आला, भर गावातील रस्ता मोकळा करण्यात आला आणि सैन्याच्या स्फोटकतज्ज्ञांनी तो डबा उडवून दिला. प्राग शहरात जून २०१८ मध्ये याहून फार दुःखद घटना घडली. जमिनीखालून वाहणाऱ्या एका ओढ्याच्या बोगद्यात या छंदापायी उतरलेले चौघे जण अवचित आलेल्या वादळी पावसाच्या लोंढ्यात सापडले आणि त्यांपैकी दोघांचा प्राण गेला. डबा उद्याही तेथेच असतो. आकाश भरून आले, अंधार पडू लागला किंवा पाय निसटू लागले, तर माघारी फिरण्यात कोणताही कमीपणा नाही. मुलांनी तर वडीलधाऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय या शोधाला निघूच नये.

मुंबई-पुण्याकडेही असे डबे ठेवलेले आहेत. सह्याद्रीतील गडकोट पाहून तेथे डबा ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. पण संरक्षित किल्ल्याच्या तटाचा दगड हलविणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. अशा स्थळांसाठी एक चांगला मार्ग निघालेला आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने २००४ पासून डब्याविनाच ठेवे सुरू झाले. शोधकाने दिलेल्या जागी जावे, खडकांचे थर, लाव्हाचे स्तंभ किंवा नदीने कोरलेले रांजणखळगे यांचे निरीक्षण करावे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवावी. हात लावावयाचा नाही, काही ठेवावयाचे नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला ही रीत फार साजेशी आहे.

अनोळखी माणसावर विसंबण्याची ही रीत उपग्रहांच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड पठारावर क्रॅनमियर नावाची एक दलदलीची, दुर्गम जागा आहे. जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली तेथे एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून येणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, अशी योजना होती. पुढे लोक तेथे पत्ता लिहिलेली पत्रे ठेवू लागले. त्यानंतर जो कोणी येईल त्याने ती पत्रे उचलावी, खाली गावात न्यावी आणि टपालात टाकावी, असा प्रघात पडला. पत्र घरी पोहोचावयास चार दिवस लागतील की चार आठवडे, हे त्या चिखलातून पुढचा माणूस केव्हा चालत येतो, यावर अवलंबून असे.