मेडलच्या कडेवरचा नंबर

आमच्या फूफीजानच्या पेटीत चांदीचे एक मेडल आहे. पहिल्या महायुद्धाचे, आमच्या परदादांचे. ते बसऱ्याकडे गेले आणि परत आले नाहीत, एवढेच घरात माहीत. परदादींनी शेवटपर्यंत गळ्यातली काळी पोत काढली नाही. "कुणी मय्यत पाहिली आहे का?" असे त्या विचारत.

दर ईदला राखेने घासून मेडलवरचा राजा गुळगुळीत झाला आहे. पण या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग लावून आम्ही ती वाचली : ११० मराठा. नाव मराठ्यांचे असले तरी या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्याही होत्या.

युद्धात मेलेल्यांची नोंदवही कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने इंटरनेटवर ठेवली आहे. तिथे नावाने शोधून हाती काही लागेना. शेख किती, आणि इंग्रज कारकुनाचे स्पेलिंग ते कसले! नंबर टाकताच सापडले. वडिलांचे नाव बरोबर, गावाचे नाव मोडके, तारीख १२ जून १९१६. कूतचा वेढा २९ एप्रिलला शरणागतीने संपला, त्यात ही पलटण होती. म्हणजे परदादा कैदेत वारले असावेत.

स्मारक बसऱ्याचे. तिथे गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरली. आपल्या साध्या शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या. नावे फक्त वहीत. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो.

ज्यांचे बुजुर्ग सुखरूप परतले, त्यांना या वहीत काही मिळणार नाही. त्यांनी पेन्शनचा कागद किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट शोधावे आणि नंबर घेऊन पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे. मराठ्यांचे बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. भरतीच्या 'शीट रोल'मध्ये वडील, गाव, तालुका, अंगावरची खूण, वारस हे सारे असते. जुन्या पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले, हे लक्षात ठेवा. ११० मराठा त्या वर्षी पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन झाली. आणि वयावर विसंबू नका, ते बहुधा अंदाजाने लिहीत.

जून १९१६ म्हणजे हिजरी १३३४ चा शाबान. आमच्याकडे परदादांसाठी दुआ होते ती शब-ए-बरातीलाच, कारण तारीख कुणाला ठाऊक नव्हती. फूफीजानना हे सांगितले तेव्हा त्यांनी जन्ममृत्यूची वही मागवली आणि त्यांच्या नावापुढची रिकामी जागा आमच्याकडून भरून घेतली.