भट्टीची बैठक

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मागील वर्षी घरच्या मोटारखान्यात बिअर बनविण्यासाठी एक लोखंडी मांडणी स्वतः वेल्डिंग करून उभारली आणि तिची छायाचित्रे मोठ्या हौसेने मला पाठविली. तीन पायऱ्या, तीन पातेली. सर्वांत वर गरम पाणी, मधल्या पायरीवर भरडलेले सातूचे मॉल्ट, खाली शेगडीवर त्यातून निथळलेला गोड रस हॉप्स घालून उकळण्याचे पातेले. वरचे खाली आपोआप उतरते, पंपाची गरज नाही. तेथे 1978 साली झालेल्या कायद्यानुसार दोन प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाकाठी 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर बिअर करमुक्त बनविता येते. ऊर्ध्वपातनाला मात्र ती मोकळीक नाही. भाच्याने पुढे लिहिले होते, "मामा, सर्वांत जास्त वेळ गेला तो चारी पाय एका पातळीत आणण्यात. एक पाय बसला, की उकळते पाणी माझ्याच अंगावर."

ते वाचले आणि आमच्या डिचोली तालुक्यातील एक काजूची भट्टी डोळ्यांपुढे उभी राहिली.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत दारूच्या भट्टीवर लेख, असे म्हणून काही व्यवसायबंधू भुवया उंचावतील. मद्यपानाचे दुष्परिणाम मी रोज पाहतो. त्याविषयी येथे सांगण्यासारखे नवे माझ्यापाशी काही नाही. प्रश्न पिणाऱ्याचा नसून गाळणाऱ्याचा आहे, आणि तोही आपलाच रुग्ण आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एक वयस्क गृहस्थ उजवा हात वाफेने भाजल्यामुळे माझ्या साखळीच्या दवाखान्यात आले. मी मलमपट्टी केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि जपून काम करा, असे सांगितले. दहाच दिवसांनी त्यांची सून आली. हात तोच, जागाही जवळजवळ तीच. चार दिवस भट्टी बंद ठेवा म्हटले, तर सोबत आलेले सासरे म्हणाले, "दोतोर, काजी थांबना. भट्टी बंद दवरूंक जायना." खरेच होते ते. गळून पडलेले बोंड दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. कोळंबीत तुडवून काढलेला रस आंबला, की तो भट्टीवर चढलाच पाहिजे. मार्च ते मे एवढाच काय तो हंगाम.

त्या रविवारी मी भट्टी पाहावयास गेलो. तांब्याचे भाण चिऱ्यांच्या चुलीवर बसविलेले, त्याच्या तोंडातून निघालेली नळी बाजूच्या पाण्याच्या टाकीतील वेटोळ्याला जोडलेली, सांधे कापड व चिकणमातीने लिंपलेले. चुलीचा एक कोपरा मागील पावसाळ्यात दोनेक बोटे खचला होता. त्यामुळे भाण किंचित कलले होते, नळीवर ताण येऊन सांध्याची माती दर खेपेस त्याच बाजूला तडकत होती, आणि ती पुन्हा लिंपावयास जो कोणी हात पुढे करी, त्याचा हात भाजे. सासऱ्याचा भाजला, सुनेचा भाजला. दोन रुग्णांवर मी उपचार केले होते; रोग चुलीला होता. पहिल्याच दिवशी "कसे भाजले?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर सुनेचा हात वाचला असता. ही चूक सर्वस्वी माझी.

उपाय गवंड्याने केला. खालची भुसभुशीत माती काढून चिरे नव्याने बसविले, पाणसळ लावून माथा सपाट केला, टाकीसाठी वेगळा पक्का कट्टा बांधला. रस गोळा होण्याचे भांडे आगीपासून दूर, भिंतीच्या आडोशाला नेले. मद्यार्काची वाफ पेट घेते; उघड्या ज्वाळेशेजारी ते भांडे ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. एवढ्याने त्या घरातील भाजणे थांबले.

बैठकीइतकेच महत्त्व धातूला आहे. आंबलेला रस आम्ल असतो. तांब्याला हिरवट कळा आली असता ती घासून न काढता रस चढविला, तर ते तांबे रसात उतरते. जुनी माणसे चिंचेने भाण घासत, ते केवळ लखलखीतपणासाठी नव्हे. त्याहून मोठे भय डाखाचे. फुटलेले वेटोळे शिसेमिश्रित डाख लावून सांधले, की शिसे थेंबाथेंबाने दारूत येते. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू गाळणारे थंड करण्यासाठी मोटारींचे जुने रेडिएटर वापरीत, आणि त्यातून शिशाच्या विषबाधेचे कितीतरी रुग्ण तेथील डॉक्टरांनी नोंदविले. पोटात मुरडा, पंडुरोग, मनगट लुळे पडणे, ही लक्षणे घेऊन भट्टीवाल्या घरातील कोणी आला, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून देण्यापूर्वी वेटोळे कोणी व कशाने सांधले, हे विचारलेच पाहिजे. मातीच्या कोडमांच्या जागी आलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपांविषयीही तेच. त्यात पूर्वी कोणते रसायन होते, हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

मिथेनॉलचा बाऊ मात्र येथे अनाठायी केला जातो. फळांतील पेक्टिनमुळे ते अल्प प्रमाणात निर्माण होते हे खरे. परंतु 2015 साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती औद्योगिक मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्यामुळे. गावच्या भट्टीचे ते पाप नव्हे.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आनंद आहे. पण बाटलीवरील लेबलाच्या मानाने चुलीखालच्या चिऱ्यांची विचारपूस फारच थोडी होते. परवाना देताना एकदा पाणसळ लावून पाहावी, सांध्यांचा डाख तपासावा, असे मला वाटते. तोवर हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. मी केस-पेपरवर मार्च ते मे या काळात एक ओळ वाढविली आहे : "घरी भट्टी आहे का? कोणी बांधली?" पहिल्या हंगामात रुग्ण हसले. दुसऱ्या हंगामात एकाने आपणहून मोबाईलवर वेटोळ्याचे छायाचित्र काढून आणले आणि माझ्यापुढे धरले. डाख राखाडी दिसत होता. मी त्याला नळी बदलावयास सांगून रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली.