बेचाळीस अंशांच्या खोलीसाठी जुळणी

थंडीत विकलेली लहान कॅबिनेटची गेमिंग मशीन चैत्र लागला की दुकानात परत यायला लागतात. तक्रार ठरलेली असते: खेळ अर्ध्या तासाने अडखळतो आणि पंखे बोंबलतात. आपण बाजूचं झाकण काढतो, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो, एसीखाली दहा मिनिटं चालवतो. ग्राफिक्स कार्ड ७४ अंश दाखवतं, गिऱ्हाइक समाधानाने घरी जातं, आणि चार दिवसांत पुन्हा फोन येतो.

पेस्टचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. मशीन तपासलं २५ अंशांच्या खोलीत आणि गेलं मोहगावला. सौसर तालुक्यातलं हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. भाषा मराठी, बाजार नागपूरचा आणि ऊनही जवळपास नागपूरचंच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या पट्ट्यात टिनाच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालची खोली दुपारी ४२ अंशांवर असणं ही मे महिन्यातली रोजची गोष्ट आहे.

आता हिशेब करा. २५ अंशांच्या खोलीत कार्ड ७४ वर, म्हणजे खोलीपेक्षा ४९ अंश वर. वॅट तेवढेच आणि पंख्यांचा वेग तेवढाच असेल, तर हा फरक फारसा बदलत नाही. खोली ४२ झाली की कार्ड ९१ वर जायला बघतं. आरटीएक्स ४० मालिकेची मर्यादा ९० आहे, म्हणून ते आपला वेग कापतं आणि गिऱ्हाइकाला खेळ अडखळताना दिसतो. तेव्हा आपण नोंदवायचा आकडा ७४ नव्हे, ४९ आहे. खोलीचं तापमान न लिहिता दिलेला तपासणीचा कागद मोहगावच्या माणसाच्या काहीच कामाचा नाही.

लहान कॅबिनेटमध्ये हा फरक मुळात मोठा का असतो, तेही आकड्यांतच पाहावं. खेळताना आत ३०० वॅट उष्णता तयार होते असं धरू. सेकंदाला ३० लिटर हवा खेळती असेल तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण ९ अंश जास्त तापलेली असते. जाळी तुंबून प्रवाह निम्मा झाला की १८. आपल्याकडे जाळी तुंबायला नुसती धूळ लागत नाही, कापसाचे तंतूही असतात. ते एकमेकांत अडकून जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. फुंकर मारून तो निघत नाही, जाळी काढून धुवावी लागते. हे गिऱ्हाइकाला विकतानाच दाखवून द्यावं.

पण हवेच्या मागे लागून १० लिटरच्या डब्यात फार काही साधत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. वॅट कमी करा. २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० ची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली की ४९ चा फरक ३९ च्या आसपास येतो आणि ४२ अंशांच्या खोलीतही कार्ड ८१ वर राहतं. फ्रेम काही २० टक्क्यांनी पडत नाहीत. बहुतेक खेळांत तोटा एकेरी टक्क्यांत असतो. प्रोसेसरचंही तेच. रायझन ५ ७६००एक्स मोकळा सोडला तर १४२ वॅटपर्यंत ओढतो आणि पूर्ण भारावर ९५ अंश गाठतो. तशी त्याची रचनाच आहे, असं एएमडीने आधीच सांगितलंय. बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लावा, मर्यादा ८८ वॅटवर येते आणि खेळताना फरक जाणवतही नाही. ३७ मिमी उंचीच्या नॉक्टुआ एनएच-एल९ए कडून १४२ वॅटची अपेक्षा करणं हा त्या कूलरवर अन्याय आहे. 'पैसे पूर्ण घेतले आणि वेग कमी करून दिला' असं कोणी म्हणेल याची काहींना धास्ती वाटते. त्याला दोन्ही सेटिंगवर अर्धा-अर्धा तास खेळून दाखवा, दुपारी, एसी बंद करून.

बायोसमधली आणखी एक चूक नेहमी राहून जाते. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. खेळात प्रोसेसर ६५ वर निवांत असतो, कार्ड उकळत असतं आणि पंखे आरामात फिरत असतात. ते कार्डाच्या तापमानाला बांधा.

आकडा दिसला म्हणून तो खरा मानायचा नाही, हेही ओघाने आलं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर सदोष असल्याचं सांगितलं. आपल्या धंद्यातही असं झालंय: २०१७ चे रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स खऱ्या तापमानात २० अंश मिळवून दाखवत, पंख्यांचं वेळापत्रक सगळ्या मॉडेलना सारखं बसावं म्हणून. तेव्हा कित्येकांनी विनाकारण कूलर बदलले असतील.

घरातल्या कूलरबद्दल विचारणा होतेच. कोरड्या मे महिन्यात तो खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो आणि मशीनला त्याचा थेट फायदा होतो. ओलाव्याने आत पाणी धरेल ही भीती नको; चालू मशीनचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. मात्र झोत सरळ कॅबिनेटवर नको. पाण्याचे बारीक थेंब आत उडाले की बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. खिडकी उघडी हवी. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की याच कूलरचा जोर संपतो, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मशीन चालू नि कूलर बंद असा प्रकार तर सर्रास असतो. म्हणून कूलर गृहीत धरून मशीनचे वॅट ठरवू नका.

वॉटर कूलिंगने हे सुटेल असं सांगून विकणाऱ्यांना आमचा विरोध आहे. रेडिएटरही खोलीचीच हवा ओढतो. टिनाचं छत, खोलीत कूलर नाही आणि हट्ट मात्र १० लिटरच्या डब्याचा, असं गिऱ्हाइक आलं तर त्याला जाळीच्या तोंडाचा साधा मिड-टॉवर द्या. मिनी-आयटीएक्स बोर्ड, एसएफएक्स पॉवर सप्लाय आणि रायझर केबलचे वाचलेले पैसे वरच्या दर्जाच्या कार्डात घालता येतात.