चुडी बसली, काटा हलला, काम झालं?

ईएमईत व्हेइकल मेकॅनिक म्हणून नोकरी झाली, पेन्शन आली, घरी वर्षभर बसून कंटाळलो आणि डीएससीत पुन्हा भरती झालो. पोस्टिंग आली तंजावरला. एअरफोर्स स्टेशनबद्दल इथे काही लिहिणार नाही, लिहायचंही नसतं. लिहायचंय ते एका टेंपरेचर सेंडरबद्दल. बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू, पण तिच्यामुळे मला माझ्याच हाताची लाज वाटली.

कुटुंब येऊन राहिलं तेव्हा मी तिरुवैयारूच्या बाजूला एका खेड्यात खोली घेतली होती. घरमालक पंचाहत्तरीचे, रेल्वेतून गुड्स क्लार्क म्हणून निवृत्त, त्यामुळे हिंदी बरी. मी त्यांना ‘अय्या’ म्हणायचो, ते मला ‘तंबी’. मी मराठी आहे कळल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी मोठ्या देवळात नेऊन भिंतीवरचा 1803 सालचा मराठी शिलालेख दाखवला. अक्षरं मला धड वाचता आली नाहीत, हे त्यांना कळू दिलं नाही.

अय्यांकडे अँबॅसॅडर. मूळचं पेट्रोल इंजिन केव्हाच गेलेलं, त्या जागी दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन. अशा गाड्या आपल्याकडेही ढिगानं होत्या. इंजिन एका घरचं, डॅशबोर्डवरचं मीटर दुसऱ्या घरचं. एक दिवस हेडवरच्या सेंडरमधून पाणी गळायला लागलं. गावातला मेकॅनिक म्हणाला, जोडीचा मिळायला चार-पाच दिवस लागतील. मी म्हणालो, बघतो. तंजावरात एका दुकानात चुडी जुळणारा सेंडर मिळाला. बसवला, वायर जोडली, गाडी गरम केली. काटा उठला आणि निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबला. अय्या खूश. गावभर सांगत सुटले, मिलिटरीवाल्यानं बसवलाय.

आता यात चूक काय, ते समजून घ्या. सेंडर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. पाणी तापलं की त्याचे ओहम कमी होतात, करंट जास्त जातो, काटा वर चढतो. पण किती तापल्यावर किती ओहम, हे प्रत्येक मीटरच्या जोडीचं वेगळं असतं. चुडी सारखी म्हणजे आतली गोळी सारखी, असं काही नाही. काही सेंडर मीटरसाठी असतात, काही ईसीयूसाठी, काही तर नुसते दिवा पेटवणारे स्विच. बाहेरून भाऊ-भाऊच दिसतात. जास्त ओहमचा सेंडर लावला तर काटा हलतो, पण कमी हलतो. इंजिन उकळतंय आणि काटा म्हणतोय, सगळं ठीक.

पोंगल झाल्यावर सांबा भाताची कापणी जोरात होती. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो, त्या दिवसांत हार्वेस्टर रात्रंदिवस चालतात, रस्त्याच्या निम्म्या रुंदीत भात वाळत घातलेला असतो आणि हवेत नुसता भुसा. तो भुसा अँबॅसॅडरच्या रेडिएटरच्या जाळीत गच्च बसला. हवा आत जाईना. एके रात्री पाट्टींना, म्हणजे अय्यांच्या बायकोला, दम लागला. अय्यांचा पुतण्या त्यांना घेऊन तंजावरला निघाला. काटा निम्म्यावर, म्हणून त्यानं गाडी दामटली. मध्येच कालव्याच्या पुलाजवळ बॉनेटखालून वाफ आणि गाडी बंद. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. रात्रीच्या त्या रस्त्यावर पाऊण तासानं एक मालाची रिक्षा आली, तिच्यात पाट्टींना आडवं करून नेलं. त्या वाचल्या. पण तो पाऊण तास माझ्या हिशोबात आहे.

दुसऱ्या दिवशी मी तो सेंडर काढला आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात पातेलं ठेवलं. मल्टिमीटर, दोन वायरी, उकळतं पाणी. तंजावर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, इथे पाणी 100 अंशांना उकळतं, थर्मामीटरही लागत नाही. (लेहला हाच खेळ केला तर फसाल, तिथे साधारण 88 लाच उकळतं.) माझा सेंडर दीडशे ओहमच्या आसपास. मीटरच्या जोडीचा पुढे मिळाला, तो पन्नासच्या जवळ. दहा मिनिटांचं काम. बसवण्याआधी केलं असतं तर?

मेकॅनिकचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तो म्हणाला, सार, कापणीच्या दिवसात गिऱ्हाइकाला चार दिवस थांब म्हणालो तर तो दुसरीकडे जातो. खरं आहे. खेड्यातला माणूस जे मिळेल ते जुळवूनच चालवतो, आणि जुगाडाला नाकं मुरडणारे बहुतेक लोक शोरूममध्ये चावी देऊन चहा पीत बसणारे असतात. माझा राग जुगाडावर नाही. परका सेंडर लावायचाच तर पातेल्यात मोजा, गरम इंजिनावर काटा कुठे येतो ते बघा आणि उकळीला तो कुठे असेल तिथे काचेवर रंगाची रेघ मारा. तेही जमत नसेल तर वायर काढून ठेवा. मेलेला काटा दिसला की ड्रायव्हर नाक उघडं ठेवतो, थांबून रेडिएटर बघतो. पुतण्यानं काटा बघितला, म्हणूनच थांबला नाही.

युनिटमध्ये असतो तर मी ही गाडी व्हीओआर टाकली असती, पार्ट येईपर्यंत उभी. बाहेर आल्यावर तीच सवय सुटली आणि वर्दीची पत मात्र मी वापरली. कुणी मला विचारलंच नाही की मोजलंस का.

गंमत बघा. हेच अय्या त्या आठवड्यात सरकारी खरेदी केंद्रावर भात घेऊन गेले होते. ओलावा 17 टक्क्यांच्या वर दिसला की माल अडतो. तिथे त्यांनी मशीनवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या पोत्यातला नमुना काढायला लावला, परत मोजायला लावलं, तासभर भांडले. काट्याला प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या काट्याला विचारला नाही, कारण तो मी बसवला होता.

हेड घासून आणायचा खर्च मी देऊ केला. अय्यांनी निम्माच घेतला, तोही दोन दिवस बोलणं बंद ठेवल्यावर. जोडीचा सेंडर आता बसलाय, काचेवर लाल रेघ आहे. जुना माझ्या ट्रंकेत आहे, त्याला कागद बांधून ओहम लिहिलेत. मागच्या आठवड्यात मेकॅनिक मागायला आला होता, एका ट्रॅक्टरला चुडी जुळते म्हणून. मी दिला नाही. म्हटलं, आधी त्या ट्रॅक्टरचं मीटर काढून घेऊन ये, पातेलं मी ठेवतो.