वाट शोधताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वंशावळ ही राजेरजवाड्यांची आणि इनामदारांची असते, अशी माझी समजूत होती. म्हणून अमेरिकेतली साधी शेतकरी-सुतारांची नातवंडे आपले पूर्वज कोणत्या रस्त्याने आले हे वर्षानुवर्षे शोधत बसतात, असे वाचले तेव्हा मी मनात म्हटले, पोट भरलेल्यांचे हे खूळ! आज माझे मत तसे राहिलेले नाही.

त्यांची शोधण्याची रीत पाहण्याजोगी आहे. तिथली पहिली शिरगणती १७९० ची. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून मात्र घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहू लागले. आता समजा, बाप पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, थोरला मुलगा व्हर्जिनियात, मधली मुलगी केंटकीत आणि शेंडेफळ मिसूरीत. मुलांच्या वयांवरून कुटुंब केव्हा कुठे होते ते कळते आणि नकाशावर वाट उमटते. फिलाडेल्फियाहून शेनँडोआ खोऱ्यात उतरणारा 'ग्रेट वॅगन रोड', पुढे डॅनियल बूनने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून काढलेला रस्ता. (काढलेला म्हणायचे, पण त्या खिंडीतून तिथले मूळ रहिवासी आधीपासून ये-जा करीतच होते.) १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर न्यूयॉर्ककडची माणसे होडीने पश्चिमेला जाऊ लागली. एकट्याने सहसा कोणी निघत नसे. सोयरे, शेजारी, एका चर्चची माणसे बरोबर निघत. म्हणून आपल्या माणसाचा कागद सापडला नाही तर शेजाऱ्याचा शोधायचा. ही युक्ती मला फार आवडली.

पण याच वाटांवरून न विचारता नेलेली माणसेही होती. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांसाठी निराळे तक्ते होते. त्यांत नाव मालकाचे आणि खाली वय, लिंग, रंग. गुलामाचे स्वतःचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. मुक्त झालेल्या या लोकांची नावे १८७० च्या शिरगणतीत आली. त्यामुळे काळ्या कुटुंबांचा शोध १८७० पाशी भिंतीला थडकतो. पलीकडे जायचे तर मालकाची मृत्युपत्रे आणि खरेदीखते धुंडाळायची. ज्या यादीत बैल आणि नांगर, त्याच यादीत आपली पणजी! अ‍ॅलेक्स हेलीचे 'रूट्स' १९७६ मध्ये आले. त्यातल्या तपशिलांवर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या, तरी त्या पुस्तकाने असंख्य लोकांना शोधाला लावले, हे मला मोठे वाटते.

पूर्वज थोर निघावेत म्हणून शोध घेणारे तिथेही आहेत, इथेही आहेत. त्यांच्याशी माझे जमायचे नाही. 'तुमचे कूळ कोणते?' हा प्रश्न मला वर्गातही विचारला गेला आहे, आणि तो का विचारतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा माणूस कुठून निघाला आणि का निघाला, हे विचारावे.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गाव सोडून गेली होती. मुकादम तिला अमक्याची बायको म्हणूनच हाक मारी. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन तिच्याशेजारी बसले आणि म्हटले, "आजी, कुठून कुठे गेलीस ते सांग."

"त्यात काय लिहायचंय गं?" म्हणाली. पण पहिल्याच संध्याकाळी सात गावे लिहून झाली.