डोस वाढला म्हणजे व्यसन नव्हे

कर्करुग्णांच्या वेदनेवरचा मागचा लेख वाचून जी पत्रं आली, त्यांतल्या निम्म्याअधिक पत्रांत फिरून फिरून एकच भीती होती: मॉर्फिन सुरू केलं की माणूस व्यसनी होतो. एका मुलीने तर कळवलं की, वडिलांनी दुखणं आवरत नाही म्हणून डोस वाढवून मागितला, तेव्हापासून वॉर्डात त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. हे संतापजनक आहे. कालपर्यंत पुरणारं औषध आज का पुरत नाही, याची कारणं रुग्णाच्या चारित्र्यात शोधण्याआधी त्याच्या रक्तात आणि मज्जारज्जूत शोधायला हवीत.

ती तिथे सापडतातही. सेर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन औषधशास्त्रज्ञाने १९८८ मध्येच दाखवलं होतं की, प्रतिकारपेशींकडून येणारा इंटरल्यूकिन-१ बीटा हा निरोप्या रेणू अगदी किंचित मात्रेतही उंदरांची वेदना वाढवतो. तेव्हापासून प्रतिकारयंत्रणेचं काम जंतूंशी लढण्यापुरतं मानणं चुकीचं ठरलं. मात्र ती वेदनेच्या बाजूने आहे की विरुद्ध, याचं उत्तर दोन प्रयोग शेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही.

पहिला प्रयोग गुडघ्यातला. जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिस्टोफ स्टाइन आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या सांध्यात नॅलोक्सोन सोडलं. नॅलोक्सोन हा मॉर्फिनचा उतारा. मॉर्फिन पेशींवरच्या ज्या ग्राहींना जाऊन चिकटतं, तेच ग्राही तो अडवतो. सांध्यात तो गेल्यावर रुग्णांचं दुखणं वाढलं. याचा अर्थ, तिथे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक आधीपासून काम करत होतं आणि नॅलोक्सोनने ते बंद पाडलं. बीटा-एंडॉर्फिन आणि एन्केफालिन हे मॉर्फिनच्याच जातीचे रेणू सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात सापडले, तेही मुख्यतः तिथे गोळा झालेल्या प्रतिकारपेशींमध्ये. हा निबंध १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सूज आणणाऱ्या पेशीच वेदनेवरचं औषधही घेऊन आल्या होत्या!

दुसरा प्रयोग पीटर ग्रेस, लिंडा वॅटकिन्स आणि सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. नर उंदरांच्या मांडीतल्या मोठ्या नसेला इजा केली, दहा दिवस जाऊ दिले आणि मग पाच दिवस मॉर्फिन दिलं. औषध थांबल्यावर या उंदरांचं दुखणं लवकर ओसरायला हवं होतं. उलट, मॉर्फिन न मिळालेल्या उंदरांच्या तुलनेत ते जवळपास दुप्पट काळ, कित्येक आठवडे रेंगाळलं. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी नसेच्या इजेने आधीच सावध झाल्या होत्या. मॉर्फिनने त्यांना आणखी चेतवलं आणि त्यांच्यातून पुन्हा तोच इंटरल्यूकिन-१ बीटा पाझरत राहिला. त्याचा मार्ग रोखल्यावर लांबलेली वेदना मागे हटली.

गुडघ्यात प्रतिकारपेशींनी मॉर्फिनचं काम केलं, तर मज्जारज्जूत मॉर्फिनच्याच चिथावणीने त्या वेदना वाढवत बसल्या. तेव्हा ‘सूज वाईट, मॉर्फिन चांगलं’ किंवा याच्या नेमकं उलट, असा सरसकट निकाल देता येत नाही. इजा कुठे झाली, कोणत्या पेशी कधी जाग्या झाल्या आणि औषध केव्हा पोचलं, यावर सारं अवलंबून आहे.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये यात आणखी एक दुवा जोडला. प्रतिकारपेशींना दाहाच्या जागी बोलावून घेणारे केमोकाइन रेणू ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिन आणि त्याच्या जातीच्या औषधांच्या, ग्राहींना बधिर करतात. हे रेणू उंदरांच्या मेंदूतल्या वेदना आवरणाऱ्या भागात सोडले, तेव्हा ओपिऑइडचा गुण कमी आला. अंगात संसर्ग किंवा मोठा दाह असलेल्या रुग्णाला नेहमीचा डोस अपुरा का पडू शकतो, याचं एक सबळ कारण इथे दिसतं.

यातला बराच पुरावा उंदरांवरचा आहे, आणि त्यातही सगळं जुळत नाही. मॉर्फिन टीएलआर-४ या ग्राहीमार्फत मायक्रोग्लियांना चेतवतं, असं वॅटकिन्स यांचा गट सांगतो. पण हा ग्राहीच नसलेले उंदीरसुद्धा मॉर्फिनला सरावतात, असं २०१४ मध्ये दुसऱ्या गटाला आढळलं. शिवाय कर्करुग्णाचा डोस अनेकदा निव्वळ गाठ वाढल्यामुळेही वाढतो. म्हणून यातला एकही प्रयोग कर्करुग्णाचं मॉर्फिन तोडण्यासाठी वापरू नये. डोस पुरत नसेल तर संसर्ग शोधावा, नसेला इजा आहे का ते तपासावं, जोडीला दुसरं औषध द्यावं, गरज असल्यास ओपिऑइड बदलावं. हे सगळं वैद्यकात आजही उपलब्ध आहे.

आणि या स्तंभाचा जुना हट्ट पुन्हा एकदा: मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तरी त्याच देशातल्या तालुक्याच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळवायला शहर गाठावं लागतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची जाचक कलमं २०१४ मध्ये संसदेने सैल केली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी परवान्यांचं जंजाळ कमी केलं. आता प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घ्यावी, मॉर्फिन साठ्यात ठेवावं आणि ते वापरणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना वेदनाशमनाचं प्रशिक्षण द्यावं. त्या मुलीच्या वडिलांना संशयाची नव्हे, नव्याने तपासणीची गरज होती.